आपापल्या दारासमोरची भिंत

बायबल अभ्यास : नहेम्याचा ग्रंथ, अध्याय 1 ते 6 आणि 13



चर्चच्या कार्यालयात दाराच्या मागे एक मोठा कागद टांगलेला आहे. गेल्या वर्षी आगमनकाळाच्या तोंडावर धर्मग्राम परिषदेची बैठक झाली, तेव्हा तो तयार झाला. त्यावर आपल्या धर्मग्रामाची अकरा उद्दिष्टे स्केचपेनने ठळक लिहिली आहेत : प्रत्येक कुटुंबाला भेट, घरोघरी बायबल वाचन, तरुणांचा मेळावा, आजाऱ्यांची सेवा, मुलांची अभ्यासिका वगैरे. त्या दिवशी आपण टाळ्या वाजवल्या, चहा घेतला, प्रार्थना केली आणि घरी गेलो. अकरापैकी दोन कामे पार पडली. खरे सांगायचे तर ती दोन्ही दरवर्षी तशीही होतातच. नाताळचा गोठा आपण कागदावर न लिहिताही बांधला असता.

यात मी कोणाला दोष देत नाही, कारण बैठकीचा अध्यक्ष मीच होतो. परवा तो कागद पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आले, की अकरा कामांपैकी एकाही कामापुढे कोणाचे नाव नाही आणि एकाही कामापुढे तारीख नाही. तिसरी गोष्ट ध्यानात यायला आणखी वेळ लागला. ही बैठक आपण नोव्हेंबरमध्ये घेतली. तोपर्यंत आपल्यातील काही कुटुंबे कोयता घेऊन कारखान्याला गेली होती. ज्यांच्या मुलांसाठी अभ्यासिका लिहिली, ते आई-वडील बैठकीला नव्हतेच. त्यांना कोणी विचारलेले नव्हते.

या वर्षी परिषदेने एकच काम हाती घ्यायचे ठरवले आहे. दसरा-दिवाळीनंतर आई-वडील ऊसतोडीला गेले, तरी त्यांची मुले गावातच राहून परीक्षेपर्यंत शाळेत जातील, अशी सोय करायची. काम एकच असले तरी ते लहान नाही. म्हणून या महिन्याच्या बायबल अभ्यासासाठी मी नहेम्याचा ग्रंथ निवडला आहे. पुष्कळ माणसांनी मिळून एक काम कसे आखावे आणि कसे तडीस न्यावे, हे पवित्र शास्त्रात इतक्या तपशिलाने दुसरीकडे क्वचितच सापडते. कृपया घरी बायबल उघडून हे अध्याय सोबत वाचावेत.

नहेम्या हा याजक नव्हता, संदेष्टाही नव्हता. पर्शियाचा राजा अर्तहशश्त याला द्राक्षारसाचा प्याला देणारा तो विश्वासू सेवक होता. काळ ई.स.पूर्व 445 च्या सुमाराचा. त्याआधी सुमारे 140 वर्षांपूर्वी बाबेलच्या सैन्याने यरुशलेमचा नाश केला होता. नंतर लोक बंदिवासातून परतले, मंदिरही पुन्हा उभे राहिले, पण नगराचा तट पडलेला आणि वेशी जळालेल्याच होत्या. ही बातमी नहेम्याला त्याच्या भावाने सांगितली. तो रडला, त्याने उपवास केला, प्रार्थना केली. हे सर्व पहिल्या अध्यायात आहे आणि आपण प्रवचनांत ते अनेकदा ऐकतो.

पुढचा भाग मात्र आपण भरभर वाचतो. बातमी आली किस्लेव महिन्यात, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास. राजाशी बोलणे झाले निसान महिन्यात, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये. मधले चार महिने नहेम्या नुसता शोक करीत बसला नव्हता, हे दुसऱ्या अध्यायावरून कळते. राजाने विचारले, तुझी विनंती काय आहे? नहेम्याने मनातल्या मनात देवाची प्रार्थना केली आणि लगेच उत्तर दिले. किती दिवस लागतील, हे त्याने राजाला मुदत ठरवून सांगितले. वाटेतल्या प्रांतांच्या अधिपतींसाठी पत्रे मागितली. वेशींना आणि तटाला लाकूड हवे, म्हणून राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्या नावाने वेगळे पत्र मागितले. मला हे वाक्य फार आवडते. चार महिने उपवास आणि प्रार्थना करणाऱ्या या भक्ताने वनरक्षकाचे नावही विचारून ठेवले होते! आपल्यातले काही जण म्हणतात, फादर, सगळे देवावर सोपवा, योजना-बिजना कशाला? त्यांनी हा अध्याय जरूर वाचावा. लूकच्या 14व्या अध्यायात प्रभू येशूही बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचे उदाहरण देतो. तो माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहते आणि लोक हसतात.

यरुशलेमला पोहोचल्यावर नहेम्या तीन दिवस काहीच बोलला नाही. मग रात्री थोडी माणसे बरोबर घेऊन तो तटाभोवती फिरला. एके ठिकाणी ढिगारा एवढा होता की त्याच्या जनावराला पुढे जायला वाट नव्हती. कुठे भिंत किती पडली आहे, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि मगच लोकांसमोर तोंड उघडले.

काम आखणाऱ्यांनी आधी जाऊन पाहणे, आणि ज्यांच्यासाठी काम आहे त्यांच्याशी बोलणे, याचे महत्त्व आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झालेला भूकंप आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आपल्याकडील सास्तूर परिसरातील गावे क्षणात जमीनदोस्त झाली, हजारो माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचे ओझे, यांखाली झोपलेली माणसे बाहेर येऊ शकली नाहीत.

त्यानंतर शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम आखला. सर्वाधिक हानी झालेली 52 गावे नव्या जागी वसवायची ठरली. त्याखेरीज शेकडो गावांत घरे पडली नव्हती, पण तडकली होती. तिथे घरमालकांनी शासनाच्या मदतीने आपले घर स्वतः दुरुस्त करून मजबूत करायचे, असे ठरले. कागदावर ही योजना उत्तम होती. पैसा होता, अभियंते होते, नकाशे होते. तरी दुरुस्तीचे काम सुरुवातीला रेंगाळले. लोकांच्या मनात जुन्या दगडी घराची धास्ती बसली होती. दुरुस्त केलेले घर टिकेल यावर विश्वास नव्हता, हप्ता कधी आणि कशासाठी मिळतो हे माहीत नव्हते. शिवाय घरात जिचा सर्व वेळ जातो, त्या बाईला कोणी काही विचारले नव्हते.

तेव्हा शासनाने स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेला लोकसहभागाचे काम सोपवले. प्रेमा गोपालन या त्या संस्थेच्या संस्थापक. गावोगावच्या महिला मंडळांतून बायका संवाद सहायक म्हणून पुढे आल्या. अभियंता काय म्हणतो ते त्या घरोघरी जाऊन सांगत. भिंतीत आरपार दगड का घालायचा, माळवदाचे ओझे का कमी करायचे, हे समजावत. लोकांच्या अडचणी उलट अधिकाऱ्यांपर्यंत नेत. योजना तीच होती, पैसाही तोच होता. पण आता प्रत्येक गावात नाव घेऊन सांगता येईल अशी माणसे त्या कामाला बांधलेली होती. काम पुढे सरकले. त्या मंडळांतल्या अनेक बायका भूकंपाचे काम संपल्यावरही थांबल्या नाहीत, बचत गट आणि शेतीपर्यंत गेल्या. घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागून त्यात घरापुरते धान्य-भाजी पिकवण्याचा त्यांचा प्रयोग आपल्या जिल्ह्यात पुष्कळांनी पाहिला असेल.

आता तिसरा अध्याय पाहू. मिस्सामध्ये हा अध्याय वाचायला दिला तर वाचकाला घाम फुटेल, कारण त्यात सगळी नावेच नावे आहेत. अमक्याचा मुलगा तमका, त्याच्या शेजारी फलाणा. पण माझ्या मते सगळ्या ग्रंथाचे मर्म याच अध्यायात आहे. तट फार मोठा होता. नहेम्याने तो चाळीसएक तुकड्यांत वाटून दिला आणि प्रत्येक तुकड्यासमोर नाव लागले. महायाजक एल्याशीब आणि याजकांनी मेंढेवेस बांधली, म्हणजे धर्मगुरूंना सूट नव्हती (हे मी स्वतःसाठी लिहून ठेवतो). सोनारांनी बांधले, सुगंधी द्रव्ये करणाऱ्यांनी बांधले. ज्यांच्या हाताला दगडाची सवय नाही अशीच ही माणसे. शल्लूम नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या मुलींना बरोबर घेऊन बांधले. मल्कीया हा एका भागाचा अधिकारी, त्याच्या वाट्याला उकिरड्याकडची वेस आली आणि त्याने तीच नीट उभारून तिला कड्या-अडसर लावले. उकिरड्याकडची वेस घ्यायला आपल्या बैठकीत कोण हात वर करील, याचा प्रत्येकाने विचार करावा.

या अध्यायात एक शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा येतो : आपापल्या घरासमोर. बन्यामीन आणि हश्शूब यांनी आपल्या घरासमोरचा भाग बांधला. याजकांनी आपापल्या घरासमोर बांधले. मशुल्लामाला तर घर नव्हतेच बहुधा, त्याने आपल्या खोलीसमोरचा भाग बांधला. माणूस आपल्या दारासमोरची भिंत कच्ची ठेवत नाही, कारण शत्रू आला तर तिथूनच आत येईल. नहेम्याने कामाची वाटणी करताना माणसाची ही ओढ ध्यानात घेतली.

आणि सगळेच काही राबले नाहीत, हेही शास्त्र लपवत नाही. तकोवा गावच्या लोकांनी एक भाग बांधला, पण त्यांच्या सरदारांनी मान वाकवली नाही. नहेम्या त्यांच्यासाठी काम थांबवत नाही, त्यांच्यामागे धावतही नाही. एक ओळ लिहून तो पुढे जातो. आणखी बावीस ओव्यांनंतर पाहावे तर त्याच तकोवाच्या साध्या लोकांनी दुसराही एक भाग बांधून दिला आहे.

अलीकडच्या काळात याच तऱ्हेची वाटणी आपण पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत पाहिली. 2016 ते 2019 या चार वर्षांत ती झाली आणि आपल्या जिल्ह्यातील गावेही तीत उतरली. गावातली निवडक माणसे आधी चार दिवसांचे प्रशिक्षण घेऊन येत. मग 45 दिवस, एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे ऊसतोड संपून माणसे घरी आलेली असतात आणि पेरणीला अवकाश असतो तेव्हा, श्रमदान चाले. काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचे, चर किती लांब आणि किती खोल ते मोजायचे, कोणत्या दिवशी कोणता डोंगर ते आधी ठरवायचे. 2019 मध्ये पहिला क्रमांक आपल्या शेजारच्या बार्शी तालुक्यातील सुर्डी गावाने मिळवला. स्पर्धेची मुदत कोणत्या महिन्यांत ठेवली होती, इकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. आपली बैठक नोव्हेंबरमध्ये होती.

इथे थोडे तत्त्वज्ञान सांगण्याचा मोह मला आवरत नाही. सेमिनरीत आम्हाला संत थॉमस अक्वायनस शिकवला जाई. सुज्ञता या सद्गुणाविषयी तो म्हणतो, की तिच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, काय करता येईल याचा शोध आणि विचारविनिमय. दुसरी, त्यातले योग्य कोणते याचा निवाडा. तिसरी, ठरलेले प्रत्यक्ष करायला लावणे. विद्यार्थी असताना मला वाटे, यातली सर्वांत वरची पायरी निवाड्याची असणार, कारण बुद्धीचे काम तिथे संपते. संत थॉमस मात्र सांगतो की सुज्ञतेचे मुख्य कार्य तिसरे आहे. नीट विचार केला, नीट ठरवले आणि केलेच नाही, तर तो माणूस त्याच्या हिशेबी सुज्ञ ठरत नाही. अ‍ॅरिस्टॉटलच्या आधाराने तो असेही म्हणतो, की विचार करताना घाई नको, पण ठरल्यावर विलंब नको. कार्यालयातला आपला कागद पहिल्या दोन पायऱ्या चढून तिथेच बसला आहे.

चौथ्या अध्यायात अडचणी सुरू होतात. सनबल्लट आणि तोबीया थट्टा करतात. तोबीया म्हणतो, यांच्या भिंतीवर कोल्हा चढला तरी ती कोसळेल. पण मला थट्टेपेक्षा आतली तक्रार गंभीर वाटते. यहूदाचे लोकच म्हणू लागले की ओझे वाहणाऱ्यांची शक्ती संपली आहे, राडारोडा फार आहे, आमच्याने भिंत होणार नाही. तट निम्म्या उंचीला आल्यावर ही तक्रार आली. कोणत्याही कामात हा मधला टप्पाच कठीण. सुरुवातीचा उत्साह ओसरलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो. नहेम्याने अर्ध्या माणसांना पहाऱ्यावर लावले आणि आपल्याजवळ एक शिंग वाजवणारा ठेवला. आपण तटावर एकमेकांपासून दूर दूर आहोत, जिकडे शिंग वाजेल तिकडे धावा, असे सांगून ठेवले. आपल्याकडेही शिंग आहे : धर्मग्रामाचा व्हॉट्सअॅप ग्रुप. फक्त त्यावर दिवसाला चाळीस सुप्रभात वाजतात, त्यामुळे खरे शिंग वाजले तर कोणाला ऐकू येईल की नाही, याची मला शंका आहे.

पाचव्या अध्यायात काम बाहेरच्या शत्रूने थांबत नाही, आतून थांबते. माणसे आणि त्यांच्या बायका आरडाओरडा करतात. कोणी म्हणतात, आमची लेकरे फार, खायला धान्य हवे. कोणी म्हणतात, दुष्काळात धान्यासाठी आम्ही शेत, द्राक्षमळा, घर गहाण टाकले. कोणी म्हणतात, राजाचा कर भरायला कर्ज काढले, आता मुलामुलींना दास म्हणून द्यावे लागते आहे. आणि कर्ज देणारे परके नव्हते, आपलेच भाऊबंद होते. दिवसभर जे तटावर खांद्याला खांदा लावून दगड रचत, त्यांतले काही जण संध्याकाळी इतरांचे सावकार होते.

बंधू-भगिनींनो, आपल्या भागात या अध्यायाला टीप लागत नाही. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती लग्नात, दवाखान्यात, घराच्या पत्र्यांत जाते. फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून एक कोयता कारखान्याला जातो. अंधारात उठून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, वाहन भरायचे. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. लेकरू बरोबर नेले तर ते कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळते आणि त्याची शाळा सुटते. मागे ठेवले तर आजीजवळ राहते. एक आजी मला म्हणाल्या, "फादर, भाकर तर मी करून घालते की, पर त्याचा अभ्यास म्या कसा घ्यावा?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

नहेम्याला फार राग आला असे शास्त्र म्हणते. पण तो लगेच बोलला नाही. आधी मनाशी विचार केला, मग सरदारांना आणि अधिकाऱ्यांना सर्वांसमोर जाब विचारला. त्यात त्याने स्वतःलाही वगळले नाही. मी, माझे भाऊ, माझे सेवक, आम्हीही पैसे आणि धान्य कर्जाऊ देत आहोत, हे त्याने कबूल केले. व्याज सोडून द्या, शेते आणि घरे आजच्या आज परत करा, असे सांगून त्याने शपथ घेववली. बारा वर्षे त्याने अधिपतीचा भत्ता घेतला नाही, तेही इथेच लिहिले आहे. तटाचे काम तातडीचे होते, शत्रू दारात होता, तरी नहेम्या गरिबांना असे म्हणाला नाही की आधी भिंत होऊ द्या, तुमचे नंतर पाहू.

नहेम्याने कबुली दिली, तशी मलाही एक द्यायची आहे. गेल्या वर्षी चर्चच्या सणाची वर्गणी आपण सर्व घरांना सारखी ठेवली. ते न्यायाचे वाटले, म्हणून मीच तसे सुचवले होते. ऊसतोडीला जाणाऱ्या एका घराने ती उचलीतून दिली, हे मला सण झाल्यावर कळले. मांडव छान होता, जेवणही चांगले झाले. त्यातला काही भाग एका बाईने कारखान्यावर दिवस भरून फेडला. एखादी योजना आखताना तिचा भार कोणाच्या पाठीवर जातो, हे विचारल्याशिवाय ती पुढे नेऊ नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे. म्हणून या वर्षीच्या कामासाठी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, हे परिषदेने पहिल्याच बैठकीत लिहून ठेवले आहे. सणाच्या वर्गणीचाही पुन्हा विचार व्हायला हवा.

सहाव्या अध्यायात सनबल्लट नहेम्याला चार वेळा भेटीला बोलावतो आणि नहेम्या चारही वेळा कळवतो, की मी मोठ्या कामात आहे, खाली येऊ शकत नाही. तट 52 दिवसांत पुरा झाला, एलूल महिन्याच्या 25 तारखेला. बहुतेक प्रवचने इथे थांबतात. ग्रंथ मात्र थांबत नाही. तेराव्या अध्यायात नहेम्या काही काळ राजाकडे परत गेलेला दिसतो. तो पुन्हा यरुशलेमला येतो तेव्हा काय पाहतो? एल्याशीब याजकाने मंदिराच्या आवारातली एक मोठी खोली चक्क तोबीयाला दिली आहे. लेव्यांना त्यांचा वाटा मिळालेला नाही, म्हणून ते सेवा सोडून आपापल्या शेतावर निघून गेले आहेत. नहेम्या पुन्हा सगळ्यांना गोळा करतो, आणि कोठारावर चार विश्वासू माणसे नेमतो. तीही नावानिशी.

डोंगरावरचे चरही पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात गाळाने भरू लागतात. ज्या गावाने ते उपसण्यासाठी कोणाला नेमले, तिथे ते पाणी धरतात.

आता आपल्या कामाविषयी. आज पावसाळा चालू आहे आणि सर्व कुटुंबे घरी आहेत. पाहणी करायची वेळ हीच. धर्मभगिनी आणि महिला मंडळातील दोघीजणी येत्या दोन आठवड्यांत प्रत्येक घरी जाऊन विचारतील : यंदा कोण जाणार, मुले किती, कोणत्या इयत्तेत, मागे कोण राहणार. आई-वडिलांना काय हवे आहे, ते आधी ऐकायचे. काहींना मूल मागे ठेवायचे नसेल. त्यांच्यावर जबरदस्ती करायची नाही. मुख्याध्यापकांना भेटून हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आपल्या शाळेत कशी चालते, ते संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीने पाहायचे आहे. शासन जे देते, ते आपण पुन्हा वर्गणी काढून करू नये. चर्चच्या हॉलमध्ये संध्याकाळी दोन तास अभ्यासिका चालवायची आहे. पंखा आणि दोन ट्यूबलाइट लागतील, आणि आठवड्याचे सहा दिवस सहा माणसे लागतील. रोज येणारा एक उत्साही माणूस नको, तो नाताळपर्यंत थकेल. दर रविवारी मिस्सानंतर प्रत्येक मुलाचे आई-वडिलांशी फोनवर बोलणे करून द्यायचे आहे. हे काम मी माझ्याकडे घेतो, माझे नाव लिहून घ्यावे. एखादे मूल दोन दिवस शाळेत दिसले नाही तर शिंग कोणी वाजवायचे, तेही ठरवायचे आहे. ज्याच्या त्याच्या घराजवळची मुले त्याने पाहावीत, असे मला वाटते. मुलगा शाळेत गेला की नाही, हे शेजारणीला कार्यालयात बसलेल्या फादरपेक्षा आधी कळते.

स्वच्छतागृहाची सफाई अजून कोणाच्या वाट्याला दिलेली नाही. ही आपली उकिरड्याकडची वेस.

अभ्यासिका दसऱ्याच्या आधीच्या सोमवारी सुरू करायची, म्हणजे आई-वडील जाण्यापूर्वी मुलांना त्या हॉलची आणि त्या माणसांची सवय होईल. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पंधरा मिनिटांची बैठक, उभ्या-उभ्याच. चहा नाही. कोणते काम झाले, कोणते राहिले आणि का, एवढेच बोलायचे. एप्रिलमध्ये सर्व कुटुंबे परत आली की त्यांच्यासमोर पूर्ण हिशेब ठेवायचा, पैशांचा आणि मुलांच्या हजेरीचाही.

छोट्या ख्रिस्ती समूहांनी या आठवड्यात नहेम्याचा तिसरा आणि पाचवा अध्याय मोठ्याने वाचावा. नावे अडखळली तरी चालतील. वाचून झाल्यावर दोन प्रश्नांवर बोलावे : आपल्या गल्लीत आपल्या दारासमोरचा तुकडा कोणता? आणि आपल्या एखाद्या जुन्या रीतीचा भार कोणाच्या पाठीवर पडतो आहे का?

पुढील रविवारी मिस्सानंतर हॉलमध्ये बैठक आहे. जुना कागद मी काढून आणणार आहे. त्याच्या मागची बाजू कोरी आहे, तिथे डाव्या हाताला कामे लिहिलेली असतील आणि उजवीकडे दोन रकाने रिकामे असतील, नाव आणि तारीख. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी कृपया पुढच्या बाकांवर बसावे. पेन मी आणतो.

प्रभूच्या सेवेत आपला,
धर्मगुरू